दाराजवळच्या विटा रंग घेईनात

कळंबा, कोल्हापूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. कृष्णात यास तानाक्काचा आशीर्वाद.

पहिल्यांदा तुझा गुडघा कसा आहे ते सांग. डावा की उजवा हे माझ्या कधीच लक्षात राहत नाही, जो दुखतो तो. संयोगिताचं ब्लड प्रेशर ताब्यात आहे का? तिला म्हणावं लोणच्याची फोड घे, पण खार झटकून घे. ऋतुराजच्या चष्म्याचा नंबर थांबला का अजून चढतोच आहे? प्रियदर्शनीला थंडीत दम लागायचा, ह्या थंडीत कशी होती पोर? आणि तुमच्या खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई, मी नाशिकला आले होते तेव्हा मला रोज पेपर वाचायला द्यायच्या, त्या हिंडत्याफिरत्या आहेत ना? त्यांना माझा नमस्कार सांग. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला त्यांनी "तुम्ही वाचता छान" म्हटलं होतं. ते मी विसरलेली नाही.

इकडं सगळी बरी आहेत. आईची तब्येत खणखणीत. डोळ्यांनी दिसायचं कमी झालं तशी जिभेला धार आली आहे. उदयसिंहाला कारखान्यात आता दिवसपाळी मिळाली. इरावती, माझी सून, घरांचे नकाशे काढणाऱ्याच्या ऑफिसात जाते. तू तिला लग्नात अक्षता टाकताना पाहिलंस तेवढंच. त्यानंतर तू न जेवता निघून गेलास.

ते आता उकरत नाही. मामाचा मान पहिला हे मला काय कळत नाही? फेटा बांधणाऱ्यानं आधी व्याह्यांच्या डोक्याला हात घातला, त्याला मी मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडनं कशी थांबवणार होते? एका फेट्यापायी सहा वर्षं. फोन लावला तर संयोगिता उचलते, "ते बाहेर गेल्यात" म्हणते, आणि मागनं तुझा खोकला ऐकू येतो. म्हणून पत्र लिहिते आहे.

कारण भिंतीचं आहे. घर आबांच्या मागं आपल्या दोघांच्या नावावर, म्हणून तुला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही असं मी ठरवलं. दर्शनी भिंत तुला ठाऊक आहे. आबा म्हणायचे, पुढच्या वर्षी गिलावा करू. ते पुढचं वर्ष काही आलं नाही आणि विटा तशाच उघड्या राहिल्या. आता खालच्या थरांना लोणा लागलाय. पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं, हात फिरवला की पीठ पडतं. तेवढ्या विटा काढून नव्या बसवल्या. पण नव्या लालभडक, जुन्या मळकट. म्हातारीला नवे दात बसवल्यागत भिंत हसते आहे.

खरं सांगू का? समोरच्या अंबूबाईनं दिवाळीत घराला ऑइल पेंट काढला. पिस्ता रंग, आणि खिडक्यांना राणी रंगाच्या पट्ट्या. सकाळी दार उघडलं की तिचा पिस्ता माझ्या डोळ्यांत जातो. वर ती विचारते, "तानाक्का, तुमचं कवा?" जसं काय माझंच पोर लग्नाचं राहिलंय.

तर घरात दोन पक्ष पडलेत. रंगारी नृसिंह म्हणतो, "आक्का, ऑइल पेंट मारा आणि मोकळ्या व्हा. विटंत बघण्यासारखं काय हाय? झाकली मूठ बरी." इरावती म्हणते, रंग नको, स्टेन लावू. स्टेन म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, तो वर बसत नाही, विटेच्या आत मुरतो. नव्याजुन्या विटा एका रंगावर येतात, पण विटेचे कोपरे, खाचा, भाजल्याचे काळे डाग सगळं दिसत राहतं. मला असं समजलं की रंग म्हणजे लुगडं नेसवणं आणि स्टेन म्हणजे हळद लावणं. लुगडं बदलता येतं. हळद एकदा अंगी लागली की लागली. इरावतीनं तेही सांगितलं, "आई, एकदा मुरला की परत काढता येत न्हाय हं."

आई म्हणाली, "मला दिसतंय व्हय काय? तुमचं तुम्ही बघा."

तुझं म्हणणं कळव. रंग की स्टेन, एवढ्या दोनांतला एक शब्द लिहिलास तरी चालेल.

तुझी,
आक्का


कळंबा
२ मार्च २०२५

चि. कृष्णात यास आशीर्वाद.

एक शब्द मागितला होता, तोही आला नाही. "नको" म्हणाला नाहीस म्हणजे "कर" असं मी धरलं आणि स्टेन लावून घेतला. मी बाजू घेतली ती सुनेची. अंबूबाईच्या पिस्त्यासमोर आणखी एक पिस्ता नको म्हणून.

भिंत काय दिसते म्हणून सांगू! भट्टीतनं काल काढल्यासारखी, पण लाजरी. नव्या विटा कुठल्या नि जुन्या कुठल्या ते आता मलाही सांगता येत नाही. अंबूबाई रस्ता ओलांडून आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "म्हंजे रंग लावलायसा का धुतलीय नुस्ती?" तिच्या पोटात दुखलं तेव्हाच मला कळलं काम झकास झालंय.

पण एका ठिकाणी घात झाला.

दाराच्या उजव्या अंगाला, कट्ट्याच्या वर, विटा स्टेन घेईनात. नृसिंहानं ब्रश फिरवला की रंगाचे थेंब होऊन खाली ओघळायचे, अळूच्या पानावरच्या पाण्यासारखे. इरावतीनं आधी पाणी मारून बघितलं होतं की वीट पाणी पिते का, पण तिनं बघितलं तुळशीकडच्या बाजूला. दाराकडं आई बसलेली, म्हातारीला कशाला उठवा म्हणून ती बाजू तिनं सोडली. आता वाळल्यावर सगळी भिंत लाल आणि मधे हा फिकट डाग. इरावती वास घेऊन म्हणाली, तेल आहे. वर्षानुवर्षं तेल मुरलंय.

नृसिंहानं कपड्याचा सोडा लावून तारेच्या ब्रशनं घासलं. डाग जायच्या ऐवजी उजळला, त्याला कडा आल्या. तेव्हा तोच दोन पावलं मागं सरकला आणि ओरडला, "आरं तिच्या! पैलवान हाय की ह्यो!"

खरंच आहे, कृष्णात. दोन बाजूंना दोन फुगीर खांदे आणि मधे पन्हाळीसारखी खोल जागा. पाठ. आपल्या गल्लीत तालमीत जाणारा, अंगाला तेल चोळून घेणारा एकच होता. तू इथं टेकून बसायचास.

झालं. ज्याला त्याला सांगत नृसिंह अख्खा कळंबा फिरला. आता रोज कोणी ना कोणी उभं असतं. "काय रुंद पाठ हो!" "त्या वेळचा खुराकच वेगळा." इरावतीनं एवढं विचारलं की मामा बसल्यावर त्यांचे खांदे इतक्या वर कसे येतील, तर नृसिंह म्हणतो, "ताई, पैलवान गडी. बसला तरी उभ्यासारखा." परवा तालमीतली जुनी माणसं आली. त्यांनी नारळ फोडला आणि खिळा मारून डागाला झेंडूचा हार घातला. मी म्हटलं, "अहो, जित्ता हाय तो नाशकात, हार कसला घालताय?" तर म्हणतात, "मान हाय आक्का, मान."

मान. सहा वर्षांपूर्वी एक फेटा मागं राहिला तर केवढा वणवा पेटला, आणि आता घरी नसताना तुझ्या डागाला हार.

मी लिहिणार नव्हते, पण लेखणी हातात आहे तर लिहितेच. ते बदाम कोण उगाळायचं? मी. पाटावर घासून घासून माझ्या बोटांची कातडी गुळगुळीत व्हायची. धारोष्ण दुधाचा तांब्या तुझ्या हातात कोण द्यायचं? मी. लहानपणी त्या तांब्याच्या तळाला राहिलेला फेस मी बोटानं चाटायची. नवरा गेल्यावर उदयला कडेवर घेऊन मी परत आले, तेव्हाही तांब्या तुझाच होता. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी नटवून मिरवायच्या असत, तर म्हशीचे केस भादरणं, शिंगं रंगवणं, कवड्यांचा पट्टा ओवणं माझ्याकडं, आणि हाळी देऊन तिला गर्दीतनं पळवायची ती तू. नारळ तुला, फेटा तुला. तुला मी कधी काही बोलले नाही. धाकटा भाऊ म्हणून कौतुकच केलं. पण आता भिंतीनंसुद्धा तुझीच बाजू घ्यावी? ह्या दाराशी मी किती वर्षं उठते बसते, झाडते, सारवते. माझा एक ओरखडा तिनं ठेवला नाही.

आक्का


कळंबा
१९ मार्च २०२५

चि. कृष्णात,

आशीर्वाद आहेतच. तब्येती विचारत नाही, बऱ्याच असतील.

मी ऑइल पेंट आणलाय. विटकरी रंगाचा. इरावती हसली, "आई, विटांना विटकरी रंग?" म्हटलं, व्हय. विटा विटेसारख्याच दिसू देत, पण वरनं जाड थर बसू दे. स्टेन मुरत नाही तर रंग झाकेल. नृसिंहाला बोलावलं तर तो येईना. "पैलवानाच्या पाठीवर मी ब्रश चालवू? गल्ली मला जेवायला वाढंल का?" म्हणजे आता मलाच शिडी लावायची आहे.

असं का, ते सांगते. आईपायी.

आई आधी कट्ट्याच्या ह्या टोकाला, उन्हाला बसायची. हा डाग उमटल्याचं तिच्या कानावर आलं त्या दिवसापासनं ती सरकत सरकत डागाखाली गेली. आता सकाळी चहा झाला की तिथंच. हात वर करून विटा चाचपते. बोटं फिरवत राहते. डोळे मिटून असते आणि चेहऱ्यावर असं काही येतं की मी बादली घेऊन तिथनं जाताना मान वळवते. मी म्हटलं, "आई, ऊन सरकलंय, चल आत." तर म्हणते, "असू दे. हितं बरं वाटतंय."

तिथं बरं वाटतंय!

तिला आंघोळ मी घालते. भाकरी दुधात कुस्करून मी देते. तिच्या पायाला तेल लावते, नखं काढते, कानात ओरडून बातम्या सांगते. तिनं कधी माझ्या पाठीवर असा हात फिरवला नाही. फिरवला असेल तर मला आठवत नाही. ती तशी नव्हतीच. हे मी समजून घेतलं होतं, की काही बायांच्या हातात माया नसते, पोटात असते. पण आता बघते तर हातातही आहे. विटांसाठी आहे.

परवा मी मुद्दाम तिच्याजवळ जाऊन बसले, डागाला टेकूनच. ती म्हणाली, "तान्या, जरा सरक गं, अंगावर येऊ नगं."

मी सरकले. कोपऱ्यात जाऊन शेंगा फोडत बसले आणि एकही शेंग धड फुटेना. माझं वय काय, हे काय चाललंय, हे मला कळत होतं. नातवंडं खेळवायच्या वयात मी एका डागावर जळत होते. पण जळणं काय वय बघून लागतं? चुलीत ओलं लाकूड घातलं की धूर होणारच.

पाडव्याला घरात गडबड असते. पाडवा झाला की मी भिंत रंगवणार. तू परत कधी येशील तेव्हा तुला कळू नये म्हणून लपवत नाही, आधीच सांगते. घर तुझंही आहे. अडवायचं असेल तर अडव.

आक्का


कळंबा
११ एप्रिल २०२५

चि. कृष्णात यास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. पाडव्याच्या दोन दिवस आधी. पोस्टमन म्हणाला, "आक्का, नाशिकचं हाय," आणि माझे हात पिठाचे होते, तरी मी तसंच घेतलं. पाकिटावर अजून पिठाची बोटं आहेत.

तुझं पत्र तुलाच सांगते, कारण ते मला पाठ झालंय. "आक्का, भिंतीला ब्रश लावू नकोस. तालमीतनं आलो की मी तिथंच टेकायचो. पाठीला विटा गार लागायच्या, अजून आठवतंय. अक्षय तृतीयेला येतो. कृष्णात." बास. सहा वर्षांनी एवढं. मी रंग की स्टेन विचारलं होतं, आई कशी आहे ते लिहिलं होतं, मनात होतं नव्हतं ते सगळं दुसऱ्या पत्रात ओतलं होतं. तुला त्यातली एक पाठ दिसली, आणि ती तुझी.

मला राग आला तो राहू दे. पत्र घेऊन मी कट्ट्यावर गेले आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिला आनंद होईल, रडेल असं वाटलं होतं. तर ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. मग ठसका लागला. मी पाणी दिलं. म्हटलं, "काय झालं हसायला?"

"त्येला आठवतंय म्हणं!" परत हसली. "तान्या, ह्यो कट्टा कवा बांधला?"

"कवा म्हंजे? किस्ना नोकरीला लागला, त्यानं पहिला पगार धाडला, तेव्हा आबांनी बांधला."

"म्हंजे तालीम सुटल्यावर. मग कट्टा नव्हता तवा तो बसत हुता कशावर? वाऱ्यावर?"

मी बोटांवर वर्षं मोजायला लागले.

"कट्ट्याच्या आधी हितं काय हुतं?"

"खुंटा," मी म्हटलं. "चंद्रीचा." आणि माझं तोंड उघडंच राहिलं.

कृष्णात, ती तुझी पाठ नाही. ती आपल्या चंद्री म्हशीची कूस आहे. तो एका अंगाचा खांदा म्हणजे तिचा खांदा आणि दुसऱ्या अंगाचा म्हणजे तिचा मागचा पुठ्ठा. मधली पन्हाळी म्हणजे तिचं पोट आत जायचं ती जागा. दाराशी बांधलेली असायची आणि दिवसभर भिंतीला अंग घासायची. म्हणून एवढी रुंद. म्हणून एवढ्या उंचीवर. इरावतीनं विचारलं तेव्हा एकालाही सुचू नये? पण पैलवान म्हटल्यावर आपल्या गावाची मान आपोआप तिकडंच वळते, माझीसुद्धा. मी तर तुझ्यावर इतकी जळत होते की तुझ्याशिवाय मला त्या भिंतीत दुसरं काही दिसलंच नसतं.

आणि तेल? ते मी चोळलेलं आहे. तुझी मालीश झाली की वाटीत जे करडईचं तेल उरायचं ते टाकायचं कशाला म्हणून मी चंद्रीच्या अंगाला लावायची. पाडव्यालाच नव्हे, रोज. ती काळीभोर चमकायची, तिच्यात तोंड दिसायचं.

मी आईला म्हटलं, "तुला पहिल्यापासनं ठाऊक होतं?"

"मला हाताला कळतंय की. मानसाची पाठ कशी आणि म्हशीची कूस कशी."

"मग बोलली का नाहीस? गल्ली नारळ फोडत होती, हार घालत होती."

"मला कुणी इचारलं? डोळं न्हाईत म्हणून कुणी म्हातारीला इचारतंय व्हय?" मग पदर सावरला. "आणि म्हटलं पोराचं नाव निघालंय, कानावर गेलं तर येईल एखाद्या टायमाला."

मला ते लागलं. म्हटलं, "म्हणजे सगळं त्याच्यासाठीच. रोज हात फिरवत होतीस तो पण."

तेव्हा ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहिते. माझे शब्द घातले तर बिघडेल.

"खुळी हाईस. तू कपाळ पुसून आलतीस तवा चार मयनं तोंड उघडलं न्हवतंस. माझ्याशी न्हाय, बापाशी न्हाय. पोर रडलं तरी गप. पर तेल घेऊन चंद्रीकडं गेलीस की बोलायचीस. सगळं तिला सांगायचीस, सासरचं, दुखण्याचं, रातचं. मी दाराच्या आत हुबी ऱ्हायची. चुलीवर दूध उतू जायचं तरी हलायची न्हाय. हलली आणि तू गप झालीस तर? तवा कुठं मला कळलं पोरीला काय झालंय ते. म्हशीला म्हाईत आणि मला म्हाईत. आता हात लावला की त्येच आठवतंय."

मी म्हटलं, "मग परवा मला सरक म्हणालीस ते?"

"तुझ्या दंडाखाली डाग झाकला हुता."

एवढंच. ती परत विटा चाचपायला लागली आणि मी शेजारी बसून राहिले. माझ्या पाठीवर तिनं हात फिरवला का? नाही फिरवला. चहा मागितला. मी केला. साखर जास्त पडली तर म्हणाली, "मुंगी लागंल की माझ्या जिभंला."

भिंत आता तशीच ठेवायची असं ठरलं. सगळीकडं स्टेन आणि तेवढ्या विटा बिनस्टेनच्या. विटकरी रंगाचा डबा मी मागच्या न्हाणीच्या दाराला संपवला. न्हाणीचं दार आता विटेसारखं दिसतं, उदय म्हणतो चुकून भिंतीवर डोकं आपटायचं. नृसिंहाला आणि गल्लीला मी काही सांगितलेलं नाही. तालमीतली माणसं परवा परत नवा हार घालून गेली. आई पदराआड हसत होती. "बाई, चंद्रीच्या गळ्यात जितेपणी एवढं हार पडलं न्हवतं." अंबूबाई मात्र रोज बघते आणि म्हणते, आमच्या घरात पण कोण पैलवान असता तर. तिला खरं सांगावं असं जिभेवर येतं, पण गिळते. जळू दे जरा.

आता तुझं. हे खरं तुला कळवू नको, असं आईनं मला बजावलंय. "म्हशीसाठी नाशकावरनं कोण येतंय? येऊ दे त्येला त्येच्या पाठीसाठी. आला की झालं." तिला तू हवा आहेस, कसाही, खोट्या निमित्तानं का होईना. तिचं वय झालंय, तिला तसं म्हणायचा हक्क आहे.

मला तसा नको आहेस. तू गाडीतनं उतरशील, गल्ली जमेल, हलगी लागेल. तू डागापुढं उभा राहशील, लोक फोटो काढतील, आणि मी आत पन्नास माणसांचा चहा टाकत असेन. चंद्रीला तेल चोळलं मी आणि कौतुक तुझं, हे एकदा झालं, ते पुरे. दुसऱ्यांदा मला सोसायचं नाही. आणि आणखी एक. जो घरी राहतो, त्याची कुणी वाट बघत नाही. मी रोज दळणाची पिशवी घेऊन दारात येते तेव्हा कुणी म्हणत नाही, तानाक्का आली. म्हणूनही मी तुझ्यावर जळते, आणि हे काही स्टेन किंवा रंगानं जायचं नाही. पण जळते म्हणून माया कमी आहे असं समजू नको. बदाम मी रागानं उगाळले असते तर ते तुझ्या अंगी लागले नसते.

तर आता भिंतीवर तुझं काहीही नाही. ना पाठ, ना खांदा, ना आठवण. तुला ज्या गार विटा आठवतात त्या दुसऱ्या कुठल्यातरी असतील, तालमीतल्या असतील. एवढं वाचूनही अक्षय तृतीयेला येणार असलास, तर ते येणं आईकडं आणि माझ्याकडं असेल. दुसरं निमित्त मी शिल्लक ठेवलेलं नाही.

उत्तर लवकर लिही. पोस्टमनच्या सायकलचा आवाज आला की आई रोज विचारते, "नाशकाचं हाय का गं?" आणि मी काय लिहून धाडतेय, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

तुझी,
आक्का